विहीर मात्र सामाईक

रेवदंड्यात मला 'कॉम्प्युटरवाले' म्हणतात. त्या एका शब्दात बरंच काही येतं. कुणाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, कुणाच्या मोबाइलमध्ये जागा उरली नाही, कुणी वीजबिल ऑनलाइन भरलं पण ते पोचलं की नाही कळत नाही, की माणसं वाडीच्या फाटकातूनच हाक मारतात. मी प्रोग्रॅम लिहितो आणि ते काम दुरुस्तीपेक्षा वेगळं असतं, हे समजावण्याचा प्रयत्न मी पहिली काही वर्षं केला. आता करत नाही. मुकाट्याने अडकलेला कागद काढून देतो. त्यात मला यश मिळण्याचं प्रमाण माझ्या मूळ धंद्यापेक्षा जास्त आहे.

माझी बायको सुमा इथल्या शाळेत गणित शिकवते. माझ्या धंद्याची तिने केलेली व्याख्या अशी: "एका ठिकाणी हात लावायचा आणि तिसऱ्या ठिकाणी काय पडलं ते शोधत बसायचं." या व्याख्येत काही चूक काढावी म्हणून मी बरेच दिवस विचार केला. निघाली नाही.

खरं म्हणजे आमच्या धंद्यातली निम्मी रडकथा एकाच प्रश्नाची असते. तुमच्या हातात जे आहे ती वस्तूची नक्कल आहे, की वस्तू जिथे ठेवली आहे तिथला पत्ता? मी तुम्हाला माझ्या दाखल्याची झेरॉक्स दिली आणि तुम्ही तिच्यावर शाई सांडलीत, तर माझ्या कपाटातला दाखला कोराच राहतो. पण मी तुम्हाला कपाटाची चावी दिली आणि तुम्ही दाखल्यावरच शाई सांडलीत, तर मग तुमचाही दाखला गेला आणि माझाही. इथवर सगळ्यांना समजतं. मलाही समजत होतं. घोटाळा होतो तो एकात एक बसवलेल्या गोष्टींचा. ते मला कॉलेजने शिकवलं, नवी मुंबईतल्या कंपनीने शिकवलं, आणि समजलं ते आमच्या विहिरीमुळे.

वडील आणि काका यांची वाटणी झाली तेव्हा सगळं चोख वाटून घेतलं होतं. माड मोजले, पोफळी मोजल्या, गोठ्यावरचे पत्रे मोजले. पाटा आमच्याकडे आला, रगडा त्यांच्याकडे गेला. मध्ये कुंपण पडलं. विहीर मात्र सामाईक राहिली, कारण विहीर कापता येत नाही. पुढे एकदा पावसाळ्यानंतर माझ्या चुलतभावाने, बंडूदादाने, काविळीची धास्ती घेऊन विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. मापाने नव्हे, मनाने. आमच्या घरात सकाळच्या चहाला दवाखान्याच्या फरशीचा वास यायला लागला. मी विचारायला गेलो तर तो म्हणाला, "अरे, मी माझ्या विहिरीत टाकली. तुझ्या घराला हात तरी लावला का?"

लावला नव्हता. तरीही माझा चहा बिघडला होता. याला आमच्या धंद्यात शॅलो कॉपी म्हणतात. वरवरची नक्कल. घरं दोन दिसतात, कुंपण दिसतं, पण आत खोलवर एक विहीर दोघांची असते. ती असते तोवर कुंपणावर विसंबू नये.

नवी मुंबईच्या कंपनीत मी या प्रकारच्या चुका भरपूर केल्या. तिथे त्याचं काही वाटत नसे. चूक झाली की 'तिकीट' येई, दुरुस्त केली की तिकीट बंद होई. त्या तिकिटाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस बसलेला असणार, त्याचं काहीतरी अडलेलं असणार, असा विचार मी कधी केला नाही. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. वडिलांच्याने माडांकडे लक्ष देणं होईना, म्हणून आम्ही गावी आलो आणि मी आसपासच्या धंदेवाल्यांना छोटे प्रोग्रॅम करून द्यायला लागलो, तेव्हा फरक कळला. इथे तिकीट येत नाही. इथे माणूसच येतो, चप्पल पायरीवर काढतो आणि चहाला हो म्हणतो.

असे पहिले आले ते बाजारपेठेतले शिंपीकाका. ते बायकांचे ब्लाउज शिवतात. त्यांना गिऱ्हाइकांची मापं ठेवायला मी प्रोग्रॅम दिला होता. "थोरलीसारखंच धाकटीचं" असं सांगणारी गिऱ्हाइकं फार, म्हणून मी 'तसंच' नावाचं एक बटण ठेवलं. ते दाबलं की धाकटीच्या नावावर थोरलीचं माप येई. मला वाटत होतं नक्कल येते. येत होता पत्ता. थोरली बाळंतपणानंतर नवीन ब्लाउज शिवायला आली, काकांनी तिचं वाढलेलं माप घातलं, आणि त्याच आठवड्यात धाकटीच्या साखरपुड्याचा ब्लाउज कापला. तो ब्लाउज धाकटीला खांद्यावरून शालीसारखा घेता आला असता.

काका माझ्याकडे आले. ते कधी आवाज चढवत नाहीत. चहा पूर्ण प्यायले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कात्री माझी होती, अक्कल तुमची होती." मी त्या कापडाचे पैसे देऊ केले तर हसले. मुलीला डोळ्यांनी बघत असताना आपण स्क्रीन बघून कापलं, याचंच त्यांना जास्त लागलं होतं. सुमाने तो ब्लाउज विकत घ्यावा असं मी सुचवून पाहिलं. त्यावर ती जे म्हणाली ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

यातून मी शहाणा झालो असं वाचकांना वाटलं तर तो माझ्यावर उपकार होईल. पण त्यानंतरच काशीदचं प्रकरण झालं.

काशीदला समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर पाच-सहा घरांनी आपापल्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. स्वयंपाक मात्र प्रत्येक घरात होत नाही. सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर आहे आणि ते नलूताई चालवतात. त्यांच्या हाताखाली चार बायका असतात. तिथून खोल्याखोल्यांत डबे जातात. नलूताईंची पद्धत साधी होती. त्या पुढच्या ओट्यावर बसून पाहुण्यांचे फोन घेत आणि तिथूनच मागे ओरडून सांगत, "दोन नंबरला तिखट कमी कर गो." मागून "व्हय" आलं की काम झालं.

त्यांच्या मुलाने मला बोलावलं. मी दोन दिवस तिथे बसून निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला की हे ओरडणं बंद झालं पाहिजे. मी प्रोग्रॅम केला. 'रोजचं ताट' नावाचा एक नमुना. पाहुणे आले की त्याची नक्कल त्यांच्या नावावर. त्यात खोली, खोलीत माणसं, माणसाचं ताट, ताटात पदार्थ, पदार्थात काय काय घातलं ते. डब्यात डबा. स्वयंपाकघरात भिंतीवर मोठा स्क्रीन लावला आणि बायकांना बजावलं की यावर येईल तेच खरं, आपलं डोकं चालवायचं नाही. हे वाक्य मी तेव्हा अभिमानाने बोललो होतो, म्हणून इथे जसंच्या तसं देतो.

पहिल्याच महिन्यात एका शनिवारी मुंबईहून एक गुजराती जैन कुटुंब आलं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, मासे तर नाहीतच. नलूताईंनी त्यांच्या ताटातून एकेक पदार्थ काढला. ताटाची नक्कल केली होती खरी, पण फक्त बाहेरच्या डब्याची. आतली पदार्थांची यादी सगळ्यांची एकच होती. विहीर. त्यामुळे त्या कुटुंबाच्या ताटातून निघालेली सुरमई काशीदमधल्या सगळ्या ताटांतून निघाली. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती, तेव्हा स्वयंपाकघरात कुणाला शंकाही आली नाही. आली असेल तरी डोकं चालवायचं नाही, असा हुकूम होता.

दुपारी पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी डबा उघडला. आत बिनकांद्याची दुधी होती. त्यांनी वाटी उचलून खाली काही आहे का ते पाहिलं, म्हणे. पापलेटासाठी चार तास गाडी चालवून आलेला माणूस तो. त्यानंतर प्रत्येक खोलीतून एकेक माणूस डबा घेऊन स्वयंपाकघराकडे यायला लागला.

मी पोचलो तेव्हा नलूताई ओट्यावर कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मशिनीनं आख्ख्या काशीदला चातुर्मास लावलाय." मग आत जाऊन त्यांनी तळलेल्या सुरमईचं एक भलंमोठं ताट माझ्यासमोर ठेवलं. सकाळी आणलेला मासा होता, पाहुण्यांना संध्याकाळी ताजाच द्यायचा होता. "खावा आता. चूक तुमची, मासा तुमचा." चार बायका दारात उभ्या राहून मी खातोय की नाही ते बघत होत्या. मी सगळं खाल्लं. माझ्या नोकरीधंद्याच्या आयुष्यात भोगलेली ही सर्वांत चविष्ट शिक्षा.

घरी येऊन मी सगळं उपसलं आणि नक्कल अगदी तळापर्यंत केली. प्रत्येक ताटाचे पदार्थ वेगळे, प्रत्येक पदार्थातलं सामान वेगळं. कुणाच्याही ताटाला हात लावला तरी शेजारच्या ताटाला धक्का लागणार नाही. सुमाला म्हटलं, प्रत्येकाला स्वतंत्र विहीर खणून दिली. ती वह्या तपासत होती. म्हणाली, "मग आता पाणी कुणाकडे किती आहे ते कुणाला कळणार?" मला तो टोमणा वाटला. ती शंका होती, आणि बरोबर होती, हे नंतर कळलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. गर्दीचे दिवस होते. नाशिकहून एक कुटुंब आलं, आईवडील आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी. खोलीत सामान टाकल्यावर आईने नलूताईंना येऊन सांगितलं की मुलगी बाकी मासे खाते, पण कोळंबी तिला चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. मागे एकदा लग्नात चुकून खाल्ली तर ओठ आणि गळा सुजून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. नलूताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मुलीच्या ताटातून कोळंबीचं कालवण काढलं आणि बटण दाबलं. स्क्रीनने सांगितलं, 'बदल केला'. पूर्वीच्या नलूताई मागे वळून ओरडल्या असत्या आणि चारही बायकांनी ऐकलं असतं. मी त्यांचं ओरडणं सोडवलं होतं.

मी त्या वेळी घरी होतो. मला एक खोड आहे. स्वयंपाकघरातली बेरीज मला घरबसल्या दिसते आणि जेवणाआधी मी ती एकदा ताडून बघतो. कुणी सांगितलेलं नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत. नाशिकच्या मुलीच्या ताटात बदल झाल्याची नोंद दिसली, तेव्हा कोळंबीच्या वाट्यांची बेरीज एकाने कमी व्हायला हवी होती. झाली नव्हती. मी परत पाहिलं. तेवढीच.

काय झालं होतं ते मला खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. पाहुणे येण्याआधी सांगितलेले बदल नीट जात होते. पण खोलीत उतरल्यावर एकट्या माणसाच्या ताटात बदल करायचा, तर प्रोग्रॅम ते ताट हातात घेई. आणि आता मी सगळीकडे नकलाच केल्या होत्या, त्यामुळे हातात येई ती ताटाची नक्कल. त्या नकलेतून कोळंबी काढली जाई, 'बदल केला' असं सांगितलं जाई, आणि ती नक्कल टाकून दिली जाई. मूळ ताट होतं तिथेच, होतं तसंच. पहिल्या वेळी एकाचा बदल सगळ्यांना लागला होता. आता ज्याचा त्यालाही लागत नव्हता.

नलूताईंना फोन लावला. जेवणाच्या वेळी त्या स्वयंपाकघरात फोन कुणी उचलत नाही. कारण मीच सांगून ठेवलं होतं की जेवणाच्या वेळी स्क्रीनकडे लक्ष द्या, फोनकडे नको. मुलाचा फोन लागेना. स्कूटर काढली. सुमा दारात म्हणाली, "एका वाटीसाठी?" मी म्हटलं, मुलीला ॲलर्जी आहे. ती आत जाऊन माझं विसरलेलं हेल्मेट घेऊन आली.

खाडीपूल ओलांडला आणि बोर्लीवरून काशीदपर्यंत मी जितक्या वेगाने स्कूटर चालवली तितक्या वेगाने पुन्हा कधी चालवलेली नाही. माझा वेग ऐकून कुणी प्रभावित होणार नाही, म्हणून आकडा देत नाही. एका टेम्पोने मला ओलांडलं, एवढं सांगतो.

डबे भरणं चालू होतं. नाशिककरांचा डबा भरून तयार होता, नेणारी बाई पदर खोचत होती. मी तो उघडला. मुलीच्या नावाच्या वाटीत कोळंबीचं कालवण होतं.

नलूताई माझ्यामागोमाग आत आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "मी तर सवताच्या हातानं काढलं. त्यानं झालं म्हणून सांगितलं."

"झालं, पण नकलेत झालं," मी म्हटलं.

"म्हंजे हो म्हणाला आणि केलंच न्हाय." त्यांनी जरा विचार केला. "आमच्या थोरल्या जावयावानी."

बायका हसल्या आणि मला धीर आला. तो डबा बाजूला केला. नलूताईंनी नवा डबा घासून घेतला, तवा धुतला, ताज्या तेलात सुरमईचा तुकडा तळला. भात, पोळ्या, सोलकढी, वांग्याची भाजी. डबा गेला. मी भिंतीवरचा स्क्रीन बंद केला आणि म्हटलं, मी दुरुस्त करेपर्यंत ओरडा. नलूताईंनी लगेच ओरडून दाखवलं. बरेच दिवस दाबून ठेवलेला आवाज होता तो.

मग त्यांनी मला जेवायला बसवलं. मी नको म्हणायला हवं होतं, पण वेळेवर पोचल्याचं समाधान झालं होतं, भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला थोडं कौतुकही हवं होतं. मी बेरीज ताडली म्हणून कळलं, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत असताना वांग्याच्या भाजीचा घास तोंडात होता.

चांगली भाजी होती. आमच्याकडे होते तशीच. आई करायची तशी. आणि त्या चवीने मी थांबलो.

रायगडच्या किनाऱ्यावर बाहेरून येणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे मासे खाणाऱ्यांच्या घरी वांग्याच्या भाजीत सोडे घालतात. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. ती काही वेगळा पदार्थ म्हणून वाढत नाहीत, ती भाजीची चव असते. सोडे नसले तर आम्ही म्हणतो, आज भाजीला काही चव नाही.

"नलूताई, भाजीत सोडे आहेत?"

"मंग? नुसती वांगी कोन खातं?" त्या म्हणाल्या. आणि त्यांचा हात हवेत तसाच राहिला.

मी उठलो. हात धुवायचं सुचलं नाही. नाशिककरांची पाच नंबरची खोली माडांच्या पलीकडे, वाळूच्या वाटेने. त्या वाटेवर पाहुण्यांनी एक मध्यमवयीन, टक्कल पडलेला, हेल्मेट काखेत धरलेला गृहस्थ खरकट्या हाताने पळत जाताना पाहिला. हेल्मेट का बरोबर घेतलं ते मला आजही सांगता येत नाही.

तिघंही व्हरांड्यात जेवायला बसली होती. मी धापा टाकत विचारलं, "हिने वांग्याची भाजी खाल्ली का?"

आई म्हणाली, "तुम्ही कोण?"

प्रश्न वाजवी होता. "मी जेवणाचा कॉम्प्युटर बघतो," मी म्हटलं. "भाजीत सोडे आहेत."

"सोडे म्हणजे काय?"

"वाळवलेली कोळंबी."

तिने हातातला घास खाली ठेवला आणि मुलीच्या ताटाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. सुरमईचा नुसता काटा उरला होता. भात निम्मा संपला होता. भाजी ताटाच्या कडेला होती आणि तिच्याभोवती पोळीच्या तुकड्यांचा बांध घातलेला होता, रस भाताकडे येऊ नये म्हणून.

मुलगी आईकडे बघून म्हणाली, "मी वांगं खात नाही. तुला माहिती आहे, तरी तू वाढतेस."

आईने ते ताट उचलून पलीकडे ठेवलं. मुलीला चूळ भरायला लावली, तिचे ओठ बघितले, गळा बघितला. वडील गाडीची चावी हातात घेऊन उभे राहिले. मीही उभा राहिलो. जा असं कुणी म्हणालं नाही आणि बसा असंही कुणी म्हणालं नाही. भाजीचा रस माझ्या बोटांवर वाळत होता. बऱ्याच वेळाने मुलीने विचारलं की आता समुद्रावर जायचं का, आणि वडिलांनी चावी खिशात टाकली.

मग आई माझ्याकडे वळली. "तुमच्या स्क्रीनवर या भाजीत काय काय लिहिलं होतं?"

"वांगी, बटाटा, कांदा, वाटण."

"कुणी लिहिलं?"

"मी."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मी जन्मभर खातोय," मी म्हटलं. "म्हणूनच लिहायचं राहिलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली आणि मुलीच्या चपला शोधायला लागली. मी परत फिरलो. वाटेत नलूताई उभ्या होत्या, पुढे यायचा धीर होत नव्हता. मी म्हटलं, खाल्ली नाही. त्या तिथेच वाळूत बसल्या. मग उठून त्या खोलीकडे गेल्या आणि त्या आईशी काय बोलल्या ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

नकलेची चूक दुरुस्त करायला मला एक संध्याकाळ लागली. ती सोपी होती: बदल नकलेत न करता मूळ ताटात करायचा, आणि 'बदल केला' असं म्हणण्याआधी स्वयंपाकघरातून ते ताट परत वाचून बघायचं. वांग्याची भाजी दुरुस्त करायला पुढचा अख्खा पावसाळा लागला. पाहुण्यांची वर्दळ नव्हती, तेव्हा मी त्या चार बायकांसमोर बसून एकेक पदार्थ विचारत गेलो. यात काय घालता? आणखी काय? दुधीत जवळा निघाला, म्हणजे कोळंबीचीच बारीक जात. पडवळात जवळा. शेवग्याच्या शेंगांत सोडे. लाल चटणीत सुकट, म्हणजे तोच जवळा वाळवलेला. एका आमटीचं नाव माझ्या यादीत 'साधी आमटी' असं होतं, तिच्यातही मूठभर काहीतरी होतं. मी विचारलं, ही साधी कशी? त्यातली एक मला समजावत म्हणाली, "भाऊ, त्यात मासा कुठं हाय? चवीपुरता जवला हाय."

ही सगळी माहिती माझ्या घरीही होती. रोज ताटात होती. मी पदार्थ वेगळे केले, ताटं वेगळी केली, तळापर्यंत नकला केल्या, पण तळ कुठे आहे ते मीच ठरवलं होतं, आणि तो माझ्या डोळ्यांना दिसेल तिथपर्यंतच होता. प्रोग्रॅमने मी सांगितलं तेवढंच खरं मानलं. बायकांनी प्रोग्रॅम सांगेल तेवढंच खरं मानलं. एकटी ती मुलगी स्वतःच्या मताने जेवत होती.

नलूताईंनी त्यांच्या बाजूने एक गोष्ट केली. स्वयंपाकघराच्या मागे, माडाखाली, पत्र्याची छोटी शेड टाकून एक वेगळी शेगडी मांडली. वेगळी भांडी, वेगळी पळी, वेगळा मिक्सर. ज्याला काही चालत नाही त्याचं तिथे. भांड्यांना लाल रंगाचा ठिपका. तिथल्या बाईने आत यायचं नाही, आतल्या बाईने तिथे जायचं नाही. मला बोलावून त्यांनी ते सगळं दाखवलं.

पुढच्या वर्षी नाशिकहून फोन आला. मला वाटलं होतं की ती माणसं पुन्हा काशीदचं नाव काढणार नाहीत. पण त्या आईने नलूताईंना सांगितलं की आम्हाला खरं काय ते पळत येऊन सांगणारी जागा दुसरी माहीत नाही. फक्त एक अट. जेवणाच्या वेळी 'ते कॉम्प्युटरवाले' हजर पाहिजेत.

मी गेलो. सुमाने इस्त्रीचा सदरा काढून दिला, जणू मी एखाद्या समारंभाला चाललो होतो. मुलगी उंच झाली होती आणि समुद्रावरून यायला तयार नव्हती. मी शेडमध्ये उभा राहून बघत होतो. नलूताई स्वतः शेगडीपाशी होत्या. दुधीची भाजी, बिनजवळ्याची. ठिपक्याचं पातेलं, ठिपक्याची पळी, झाकण ठिपक्याचं. स्क्रीनवर सगळं बरोबर होतं, मी वाचून ताडून घेतलं.

"झाली का आता पुरती वाटणी?" नलूताईंनी विचारलं.

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांनी वाकून कट्ट्याखालून मिठाची बरणी काढली. मोठी चिनी मातीची बरणी. तिच्यावर ठिपका नव्हता. मी आत स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहिलं. तिथली बरणीची जागा रिकामी होती.

"मीठ आतलं आहे?"

नलूताईंनी बरणीकडे पाहिलं, बरणीतल्या ओलसर चमच्याकडे पाहिलं. तो चमचा सकाळी कशाकशात गेला होता ते आता कुणी सांगू शकलं नसतं. त्यांनी बरणी खाली ठेवली, मिठाचं नवीन पाकीट आणवलं आणि ते दाताने फोडता फोडता म्हणाल्या,

"भाऊ, मीठ पन वेगलं? मंग दर्या पन दुसरा आना."